जुन्या गाडीच्या गिअरबॉक्सचं लिंकेज: काय शोधायचं आणि कसं बसवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. 1966ची शेव्हेल, म्हणजे शेव्हरोलेची अमेरिकन गाडी, मूळची स्टिअरिंग कॉलमवर गिअर असलेली थ्री-स्पीड. तिला तुम्ही मन्सीचा, म्हणजे जनरल मोटर्सच्या मन्सी कारखान्यातला, फोर-स्पीड गिअरबॉक्स बसवलात. बॉक्स मिळाला, पण त्याच्याबरोबर शिफ्टर (दांडा ज्या पेटीत बसतो ती) आणि तिथून गिअरबॉक्सपर्यंत जाणारे रॉड, म्हणजेच लिंकेज, मिळालं नाही. मग "सगळ्यांना चालतो" असं सांगून विकला जाणारा एक किट आणून जोडलात. आता पहिला-दुसरा ठीक पडतो, तिसरा जोर लावल्यावरच पडतो, रिव्हर्स पडत नाही आणि मधूनच दांडा पहिल्यात अडकून बसतो. रॉड लांब करू की आखूड करू, असं तुम्ही विचारताय.

सध्या दोन्ही करू नका. तिन्ही रॉड सोडवून बाजूला ठेवा. गिअरबॉक्स आणि शिफ्टर या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि दोघांचं न्यूट्रल वेगळं ठरतं. दोघेही आपापल्या न्यूट्रलमध्ये असताना जे अंतर उरतं, तीच रॉडची लांबी. लांबी आधी ठरवून न्यूट्रल तिच्यामागे ओढायला गेलं की तुमच्यासारखं होतं. नव्वद टक्के तक्रारींचं मूळ इथेच असतं. उरलेल्यांत बुश (रॉडच्या पिनभोवतीचं छोटं अस्तर) झिजलेले असतात, नाहीतर वस्तूच चुकीची आणलेली असते.

वस्तूपासूनच सुरुवात करू, कारण पैसे तिथे वाया जातात.

लिंकेज विकत घेताना चार गोष्टी जुळाव्या लागतात: गिअरबॉक्स कोणता, शिफ्टर कोणता, गाडीची बॉडी कोणती आणि मॉडेलचं वर्ष कोणतं. रॉड या चौघांच्या मध्ये बसतात, म्हणून "मन्सीचे रॉड" अशी स्वतंत्र वस्तूच नसते. तोच गिअरबॉक्स दुसऱ्या बॉडीत शिफ्टर पुढे-मागे ठेवून बसवलेला असतो आणि रॉडचे बाक, लांबी सगळं बदलतं. फोर्डच्या टॉपलोडर गिअरबॉक्समध्ये तर टेल हाउसिंगवर, म्हणजे बॉक्सच्या मागच्या आवरणावर, शिफ्टर बसवायच्या एकाहून जास्त जागा असतात. बॉक्स तोच, पण बोल्ट कुठल्या भोकांत घातले त्यावर दांडा जमिनीतून कुठे वर येणार ते ठरतं.

आधी आपला बॉक्स नक्की कोणता, हे हात लावून पाहून घ्या. विकणाऱ्याच्या तोंडी "मन्सी" हा शब्द फार सहज येतो. गाडीखाली शिरलात की डाव्या बाजूचं साइड कव्हर बघा. मन्सीला सात बोल्टचं कव्हर असतं. त्यावर दोनच लीव्हर असतात आणि रिव्हर्सचा तिसरा लीव्हर मागे टेल हाउसिंगवर असतो. बोर्ग-वॉर्नर टी-10 लाही रिव्हर्स मागेच असतो, पण कव्हरला नऊ बोल्ट. सॅगिनॉ फोर-स्पीडला कव्हर सात बोल्टचंच, पण तिन्ही लीव्हर त्या कव्हरवरच आणि केस बिडाची. टॉपलोडरला बाजूला कव्हर नसतंच. झाकण वर असतं, दहा बोल्टचं, आणि तिन्ही लीव्हर केसच्या डाव्या अंगाला. एवढं पाहिलंत तर निम्मी फसवणूक टळते.

मन्सीच्या बाबतीत आणखी एक खुबी आहे आणि ती बहुतेकांना उशिरा कळते. 1968पर्यंतच्या बॉक्समध्ये शिफ्ट शाफ्टला बाहेर आलेला आट्यांचा स्टड असतो आणि लीव्हर नटानं आवळतात. 1969पासून शाफ्टच्या आत आटे आले आणि लीव्हर बोल्टनं आवळायला लागले. एकाचे लीव्हर दुसऱ्याला बसवायला जाऊ नका. आधी फोटो काढा, मग खरेदी करा. याउलट एम-20, एम-21, एम-22 या मन्सीच्या प्रकारांच्या नावांचा लिंकेजशी काही संबंध नाही. एम-20 मध्ये पहिल्या गिअरचं गुणोत्तर 2.52 च्या आसपास, बाकी दोघांत 2.20, हा फरक आतल्या दात्यांचा. बाहेरून लीव्हर तेच. "एम-22चं खास लिंकेज" म्हणून कुणी जास्त पैसे सांगत असेल तर हसून पुढे जा.

आता जुनं घ्यायचं की नवं? माझं मत स्पष्ट आहे: शिफ्टरची पेटी जुनी चालेल, गिअरबॉक्सवरचे लीव्हर जुने चालतील, रॉड त्याच बॉडीचे मूळ मिळाले तर जुनेच घ्या, पण बुश, क्लिप आणि आट्यांची टोकं नवीनच. मूळ रॉडना जो बाक असतो तो एक्झॉस्ट पाइप, क्लचची आडवी दांडी आणि स्पीडोमीटरची केबल चुकवून दिलेला असतो. नकली रॉडमध्ये तो बाक साधारण जमेल असा दिलेला असतो आणि मग रॉड पाइपला घासतो.

जुना रॉड हातात आला की तो सरळ प्रकाशात धरा. टोकाजवळची पिन, जी बुशमध्ये फिरते, ती एका बाजूनं चपटी झालीय का ते बघा. नखानं चाचपलंत तरी कडा लागते. कॅलिपर असेल तर पिन दोन दिशांनी मोजा. बहुतेक अमेरिकन रॉडची पिन 3/8 इंच, म्हणजे साधारण साडेनऊ मिलीमीटर असते. एका दिशेनं नऊच भरली तर तो रॉड नवीन बुश महिनाभरात खाऊन टाकेल. बाकाच्या जागी निळसर-काळपट डाग दिसला तर कुणीतरी गॅसनं तापवून वाकवलाय असं समजा. मग तो मूळ आकाराचा राहिला नाही. लीव्हरचं भोक गोल आहे की लांबट, हेही पाहायचं. लांबट झालेलं भोक वेल्डिंगनं भरून पुन्हा ड्रिल करता येतं, पण त्यापेक्षा दुसरा लीव्हर शोधलेला बरा.

शिफ्टर तपासायचा तो पकडीत धरून. खालचे तीन पट्टी-लीव्हर एकेक करून पुढे-मागे हलवा. मोकळे हलायला हवेत, पण बाजूला डुलता कामा नयेत. पेटीत वाळलेलं ग्रीस आणि धूळ मिळून दगड झालेला असतो. केरोसिनमध्ये रात्रभर ठेवला की निम्मे "खराब" शिफ्टर चांगले निघतात. दांडा खालच्या बाजूला ज्या खोबणीत बसतो तिथे ढिलाई असेल आणि आतले लीव्हरच झिजले असतील, तर मात्र सोडून द्या.

ढिलाईचा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. समजा दांड्याच्या टेकूपासून मुठीपर्यंत 12 इंच आणि टेकूपासून रॉडपर्यंत खाली 2 इंच. म्हणजे सहाची पट. रॉडच्या दोन्ही टोकांना बुशमध्ये प्रत्येकी एक मिलीमीटर प्ले असेल तर रॉड दोन मिलीमीटर रिकामा हलतो आणि मुठीशी तेच बारा मिलीमीटर होतात. एवढ्या ढिल्या दांड्यानं गिअर पडला की नाही हेच कळत नाही. लोक मग गिअरबॉक्स उघडतात. सहा नायलॉन बुश बदलायचं काम असतं आणि बॉक्स टेबलावर सुटा पडलेला असतो.

बुश नायलॉनचे की स्टीलचे, यावर वाद चालतात. रोजच्या वापराच्या गाडीला मी नायलॉनच वापरतो. ते आवाज करत नाहीत आणि झिजायचं तर स्वतः झिजतात, पिनला खात नाहीत. स्टीलचे बुश सुरुवातीला छान घट्ट वाटतात, पण धूळ गेली की खडखड करतात आणि पिन व लीव्हर दोन्ही झिजवतात. शर्यतीच्या गाडीची गोष्ट वेगळी; ती दर आठवड्याला उघडलीच जाते.

आता बसवणं. शक्य असेल तर बॉक्स खाली, टेबलावर असतानाच शिफ्टर लावून सगळं एकदा जुळवून पाहा. गाडीखाली पाठीवर पडून जे काम करायला दुपार जाते ते टेबलावर अर्ध्या तासाचं असतं. पण बॉक्स आधीच चढवलेला आहे, तर गाडी चारही बाजूंनी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर घेऊन खाली शिरू नका. गिअर टाकून बघताना प्रोपेलर शाफ्ट हातानं फिरवायला लागेल, म्हणून मागची चाकं मोकळी हवीत.

पहिलं काम बॉक्सचं न्यूट्रल शोधणं. रॉड नाहीत, फक्त लीव्हर आहेत. पान्यानं पुढचा लीव्हर, जो तिसऱ्या-चौथ्याचा, हळू पुढे-मागे करा. तीन जागी "टक्" लागेल: एका टोकाला, मध्ये आणि दुसऱ्या टोकाला. मधली जागा न्यूट्रल. मागचा लीव्हर पहिल्या-दुसऱ्याचा, त्यालाही तसंच. रिव्हर्सला दोनच जागा, आत आणि बाहेर. बाहेरची जागा हवी. टोकाला जाताना अडला तर जोर लावू नका. इंजिन बंद असताना दाते एकमेकांवर येऊन थांबलेले असू शकतात. शाफ्ट हातानं किंचित फिरवला की सरकतो. तिन्ही न्यूट्रलमध्ये आले की शाफ्ट मोकळा फिरला पाहिजे. मग कव्हरवर आणि लीव्हरवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवा. पुढे सगळ्या कामात या रेघेकडे नजर हवी.

इथेच एक कसोटी घेऊन टाका. रॉड न लावता, नुसत्या लीव्हरनं तिसरा सहज पडतोय का? पडत असेल तर बॉक्स निर्दोष आणि तुमचा कडक तिसरा हा लिंकेजचा दोष. हातानं टाकतानाही अडत असेल तर आत सिंक्रो (गिअरचा वेग जुळवणारी कडी), फोर्क (गिअर सरकवणारा काटा) किंवा कव्हरमधला डिटेंट (गिअर जागेवर धरणारी खटकी) यांपैकी काहीतरी बिघडलंय आणि रॉडशी खेळून ते सुटणार नाही. तशीच दुसरी कसोटी: इंजिन बंद असताना सगळे गिअर छान पडतात, पण चालू केल्यावर रिव्हर्सला कर्रर्र होतं, तर तो क्लच पूर्ण सुटत नसल्याचा प्रकार. त्यासाठी लिंकेज उघडायचं नाही.

आता लीव्हर कोणत्या दिशेला बसलेत ते बघा. अनेक बॉक्समध्ये शाफ्टच्या दोन बाजू सपाट असतात, त्यामुळे लीव्हर वर तोंड करूनही बसतो आणि खाली तोंड करूनही. उलटा बसला की रॉड तोच पण हालचाल उलटी, आणि पहिल्याच्या जागी दुसरा येतो. कुणी सांगितलं की "माझा एच उलटा झालाय", म्हणजे दांड्याच्या जागांचा नकाशाच उलटा, तर आधी इथे बघायचं. काही लीव्हरना दोन भोकं असतात. शाफ्टजवळचं भोक घेतलं तर दांडा कमी फिरतो, पण जोर जास्त लागतो. लांबचं घेतलं तर उलट. जुन्या सिंक्रोच्या गाडीला लांबचंच भोक घ्या. आखूड फेकीची हौस थंड गिअरबॉक्सच्या सकाळी महागात पडते.

शिफ्टर बसवताना त्याचे बोल्ट टेल हाउसिंगमध्ये जातात आणि मन्सीचं टेल हाउसिंग अॅल्युमिनियमचं असतं. हातानं तीन-चार फेरे घालूनच मग पाना लावा. आटे गेले असतील तर मोठा बोल्ट ठोकू नका, आट्यांची स्प्रिंग टाकून घ्या. शिफ्टर इथे जरासा जरी हलला तरी वरची सगळी जुळणी व्यर्थ.

आणि आता खरं मर्म. चांगल्या शिफ्टरच्या पेटीला आरपार एक भोक असतं. हर्स्ट कंपनीच्या कॉम्पिटिशन प्लस शिफ्टरमध्ये ते पाव इंचाचं आहे. तिन्ही लीव्हर बरोबर न्यूट्रलमध्ये आले की त्यांची भोकं पेटीच्या भोकासमोर येतात आणि पाव इंचाची पिन या बाजूनं त्या बाजूला सरळ जाते. पिन नसेल तर पाव इंचाच्या ड्रिल बिटची मागची गुळगुळीत बाजू वापरा. ती खडखड न करता, पण हातानं सरकेल इतपत बसली पाहिजे. हातोडी लागतेय म्हणजे एखादा लीव्हर जागेवर नाही. पिन गेली की शिफ्टरचं न्यूट्रल पक्कं झालं. बॉक्सचं तर रेघेनं पक्कं आहेच.

आता एकेक रॉड घ्या. बॉक्सच्या लीव्हरला एक टोक लावा, क्लिप घाला. दुसऱ्या टोकाला आट्यांवर फिरणारा गोल तुकडा असतो, ज्याला बरेच जण स्विव्हल म्हणतात. तो फिरवत फिरवत अशा जागी आणा की त्याची पिन शिफ्टरच्या लीव्हरच्या भोकात काहीही न ढकलता, न ओढता पडेल. "पडेल" हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. दोन बोटांनी धरून सोडला तर भोकात जायला हवा. अंगठ्यानं दाबावा लागतोय तर रॉड चुकीच्या लांबीचा आहे, आणि तो दाब कायम लीव्हरवर राहणार. अर्ध्या फेऱ्याचा फरक इथे पुरतो. भोक अर्ध्या फेऱ्याच्या अलीकडे-पलीकडे अडकत असेल तर रॉडच्या बाकाला किंचित हात लावा, तोही थंडच, पकडीत धरून. तापवून नाही.

तुमच्या गाडीत झालंय ते इथेच. साइड कव्हरच्या आत एक इंटरलॉक असतो. एकाच वेळी दोन गिअर पडू नयेत म्हणून तो एक लीव्हर न्यूट्रलमधून हलला की दुसऱ्याला अडवतो. तिसऱ्या-चौथ्याचा रॉड जरा लांब किंवा आखूड असेल तर दांडा न्यूट्रलमध्ये दिसतो, पण बॉक्समध्ये तो लीव्हर किंचित एका बाजूला राहतो. त्याचबरोबर शिफ्टरच्या पेटीत आतली जीभ ज्या खाचांमधून एका लीव्हरवरून दुसऱ्यावर जाते, त्या खाचा समोरासमोर येत नाहीत. जीभ रिव्हर्सच्या खाचेपर्यंत पोचतच नाही, म्हणून रिव्हर्स लागत नाही. आणि पहिल्यातून दांडा बाहेर काढून न्यूट्रल ओलांडताना ती जीभ खाचेच्या कडेला अडकते, म्हणून दांडा पहिल्यात अडकल्यासारखा वाटतो. तिन्ही तक्रारी एकाच चुकीच्या रॉडमुळे. माझा अंदाज तिसऱ्या-चौथ्याच्या रॉडचाच आहे, कारण जोर तिथेच लागतोय.

तिन्ही रॉड जोडून झाले की पिन काढा आणि पुन्हा घाला. सहज गेली तर झालं. एकेक गिअर टाकून परत न्यूट्रलला या आणि दरवेळी पिन तपासा. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. पहिल्यातून परत आल्यावर पिन जाते आणि तिसऱ्यातून आल्यावर जात नाही, असं दिसलं तर कुठल्या रॉडला हात लावायचा ते आपोआप कळतं.

स्टॉप बोल्टांकडे लोक दुर्लक्ष करतात. हर्स्टच्या शिफ्टरला पुढे-मागे दोन बोल्ट असतात. दांडा गिअरमध्ये पडल्यावर जोरात ढकलला तर तो ताण बॉक्सच्या आतल्या फोर्कवर न जाता या बोल्टांवर थांबावा, यासाठी ते आहेत. दोन्ही बोल्ट आधी बरेच बाहेर काढा. दांडा तिसऱ्यात टाकून पुढे दाबून धरा आणि त्या बाजूचा बोल्ट टेकेपर्यंत आत फिरवा. दांडा सोडा, बोल्ट एक पूर्ण फेरा मागे घ्या आणि लॉक नट आवळा. मग चौथ्यात ओढून दुसऱ्या बोल्टाला तेच. बोल्ट जास्त आत राहिले तर गिअर पूर्ण पडायच्या आधीच दांडा थांबतो आणि चालत्या गाडीत गिअर निसटतो. अशा गाड्या "सिंक्रो गेलाय" म्हणून माझ्याकडे येतात आणि एका फेऱ्यात बऱ्या होतात.

किटमधला रॉड काही केल्या बसतच नसेल तर नवीन घडवा. आधी जाड तारेचा नमुना करा: न्यूट्रलमध्ये दोन्ही बाजू पक्क्या करून, एक्झॉस्ट आणि केबल चुकवत, एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत. मग 3/8 इंचाचा साधा स्टीलचा रॉड त्याबरहुकूम थंड वाकवा. बाक जितके कमी तितकं बरं. प्रत्येक बाक जोर आला की किंचित उघडतो आणि गिअर स्पंजासारखा वाटतो. दोन्ही टोकांच्या पिना एकमेकींना समांतर हव्यात. थोडीही पीळ असेल तर बुश एका कडेनं घासतो. सगळ्या गिअरमध्ये दांडा फिरवून रॉड आणि एक्झॉस्ट यांत बोटभर जागा उरतेय का ते पाहा. इंजिन वळणावर आणि ॲक्सिलेटर दाबल्यावर स्वतःच्या माउंटवर झुकतं, हे लक्षात ठेवून जागा सोडा.

त्यावरून माउंटिंगचं सांगायलाच हवं. रबर बसलेला किंवा फाटलेला असेल तर बॉक्स खाली-वर होतो. शिफ्टर बॉक्सवरच असेल तर फारसं बिघडत नाही, कारण दोघं एकत्र हलतात. पण शिफ्टर बॉडीवर किंवा क्रॉस मेंबरवर असेल तर इंजिन झुकताना रॉड स्वतःच गिअर ओढून काढतात. ॲक्सिलेटर सोडताना किंवा दाबताना गिअर उडतो, सपाट चालीत उडत नाही, अशी तक्रार असेल तर लिंकेज जुळवण्याआधी माउंट बदला.

तुमची गाडी 1966ची, म्हणून एक कटकट तुम्हाला नाही. 1969पासून जनरल मोटर्सच्या गाड्यांत स्टिअरिंग कॉलमला कुलूप आलं आणि मॅन्युअल गाडीत रिव्हर्सपासून कॉलमपर्यंत एक जादा रॉड आला. रिव्हर्स टाकल्याशिवाय चावी निघत नाही. 1969 किंवा त्यानंतरची गाडी असलेल्या कुणी हे वाचून तो रॉड "फालतू" म्हणून काढला तर चावी तिथेच अडकून राहील. तुमच्या कॉलममध्ये मात्र जुना थ्री-स्पीडचा सरंजाम अजून आहे. तो नुसता लोंबकळत ठेवू नका. खालचे दोन लीव्हर काढा किंवा न्यूट्रलमध्ये बांधून टाका, नाहीतर ते क्लचच्या दांडीला लागतात.

कॉलमवरचा गिअर ज्यांनी अजून ठेवलाय त्यांच्यासाठी दोन ओळी, कारण हाच प्रश्न त्यांचाही असतो. तिथे रॉड दोनच असतात: एक पहिल्या आणि रिव्हर्सचा, दुसरा दुसऱ्या-तिसऱ्याचा. कॉलमच्या तळाशी दोन लीव्हर एकावर एक असतात आणि मधली पिन एकातून दुसऱ्यात ओलांडते. दोघे न्यूट्रलमध्ये समोरासमोर नसतील तर पहिल्यातून दुसऱ्यात जाताना पिन दोघांच्या मध्ये फसते आणि दांडा कुठेच हलत नाही. भर रस्त्यात असं झालं तर बॉनेट उघडून, इंजिन बंद ठेवून, ते दोन लीव्हर हातानं न्यूट्रलला आणायचे, गाडी सुटते. घरी आल्यावर कॉलमच्या तळाचा बुश बदलायचा, कारण नुसती लांबी जुळवून ते पुन्हा होणारच.

फोक्सवॅगन बीटलसारख्या मागच्या इंजिनाच्या गाडीत रॉड तीन नाहीत, एकच, आणि तो टनेलमधून मागेपर्यंत जातो. दोष तिथेही तेच. पुढचा नायलॉनचा बुश आणि मागच्या सीटखालच्या छोट्या झाकणाआड असलेला कपलर, या दोन जागा बघितल्याशिवाय बॉक्सला हात लावू नये. कपलरच्या स्क्रूला तार बांधलेली असते. ती तार पुन्हा बांधा, नाहीतर स्क्रू सुटून गिअर एकदम नाहीसा होतो.

वंगणाबाबत: नायलॉन बुशला पातळ सिलिकॉन ग्रीसचा हात, बस. जाड ग्रीस थापलं की धूळ चिकटते आणि कानसीचं काम सुरू होतं. क्लिप दरवेळी नव्या. सैल झालेली क्लिप पक्कडीनं दाबून पुन्हा घालणारे बरेच आहेत. ती निघाली की रॉड रस्त्यावर घासत येतो आणि गाडी ज्या गिअरमध्ये होती त्याच गिअरमध्ये घरी आणावी लागते.

शेवटी चामड्याचा किंवा रबराचा बूट आणि कन्सोल लावण्याआधी गाडी फिरवून आणा. बूट लावल्यावर जर तिसरा पुन्हा निसटायला लागला तर बूटच दांड्याला मागे ओढतोय, किंवा दांडा जमिनीतल्या भोकाच्या कडेला टेकतोय. भोक मोठं करा, रॉडला हात लावू नका. साधारण शंभर किलोमीटर चालवल्यावर पुन्हा खाली जाऊन शिफ्टरचे बोल्ट, स्विव्हलचे लॉक नट आणि लीव्हरचे नट एकदा पान्यानं बघून घ्या, आणि पाव इंचाची पिन पुन्हा घालून पाहा. त्यानंतरही तिसरा कडक राहिला आणि रॉड सोडवून हातानं टाकतानाही तसाच लागला, तर साइड कव्हर उतरवून आतला फोर्क आणि डिटेंट पाहायची वेळ आली. कव्हर उतरवायच्या आधी तेल काढा आणि दोन्ही लीव्हर न्यूट्रलमध्ये आहेत याची खात्री करा, नाहीतर परत बसवताना फोर्क बाहीच्या खाचेत येत नाहीत.